मंदी आणि महामंदी : फरक ओळखा, मगच निर्णय घ्या

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, कापडाच्या बाजारात कोणत्याही पेढीवर जा आणि "काय शेठ, धंदा कसा आहे?" असे विचारा. दहापैकी आठ ठिकाणी उत्तर एकच मिळेल, "मंदी आहे." ग्रे कापडाचा भाव मीटरमागे आठ आणे उतरला तरी मंदी, पार्टीचे पैसे पंधरा दिवस लांबले तरी मंदी, पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी झाले तरी मंदीच. आणि एखाद्या वर्षी खरोखरच मोठा फटका बसला की लोक म्हणतात, "आता महामंदी आली, सगळे संपले."

बोलण्यात हे चालून जाते. पण धंद्याचे निर्णय याच शब्दांवरून घेतले जातात, तेव्हा नुकसान होते. साध्या मंदीला महामंदी समजून घाबरलेला व्यापारी गोदामातला माल मातीमोल भावाने काढतो, माग भंगारात विकतो, जुने कारागीर घालवतो आणि सहा महिन्यांनी बाजार उठला की हात चोळत बसतो. याच्या उलट, खऱ्या मोठ्या संकटाला चार दिवसांची मंदी समजणारा व्यापारी व्याजाने पैसे काढून माल धरून ठेवतो. भाव आणखी उतरत जातो, व्याज चढत जाते आणि शेवटी घरही जाते. म्हणून हा फरक केवळ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. तो आपल्या रोजीरोटीशी जोडलेला आहे.

एकच शब्द, चार अर्थ

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे मंदीला 'कसादबाजारी' असा शब्द होता. कसाद म्हणजे मालाला उठाव नसणे, बाजार थंड पडणे. १९२९ नंतरच्या जागतिक संकटालाही 'अजीम कसादबाजारी' असेच म्हणत, म्हणजे मोठी कसादबाजारी. मराठीतही मंदी आणि महामंदी असेच शब्द आहेत. त्यामुळे आपला समज असा होतो की महामंदी म्हणजे तीच मंदी, फक्त मोठी. हा समज अर्धाच खरा आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की बाजारात आपण ज्याला मंदी म्हणतो त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली हंगामी थंडाई. ईद, दिवाळी आणि लग्नसराई झाली की कापडाची मागणी उतरते, पावसाळ्यात आणखी उतरते. हे दरवर्षीचे आहे. याला कोणी अर्थशास्त्री मंदी म्हणणार नाही.

दुसरी एका धंद्याची किंवा एका मालाची मंदी. धोतराची मागणी गेली, सुती साडीच्या जागी सिंथेटिक साडी आली, तर तो माल विणणाऱ्याचे नुकसान होते. पण देशात बाकी लोक कमावतच असतात.

तिसरी सर्व अर्थव्यवस्थेची मरगळ. देशाचे उत्पन्न आधी वर्षाला आठ टक्क्यांनी वाढत होते, ते आता चार टक्क्यांनी वाढते. व्यापाऱ्याला हे जाणवते, पण उत्पन्न अजून वाढतेच आहे. गाडीचा वेग कमी झाला, गाडी मागे गेलेली नाही.

चौथी खरी मंदी, ज्याला इंग्रजीत 'रिसेशन' म्हणतात. यात गाडी मागे जाते. देशाचे एकूण उत्पादनच आधीपेक्षा कमी होते, कारखाने कमी माल काढतात, दुकाने कमी विकतात आणि कामगारांची संख्या घटते. या चौथ्या प्रकाराच्या पुढे महामंदी, म्हणजे 'डिप्रेशन' येते.

मंदीची मोजपट्टी

वर्तमानपत्रांत एक सोपा नियम सांगितला जातो. महागाईचा भाग वजा करून देशाचे एकूण उत्पादन लागोपाठ दोन तिमाह्या घटले तर मंदी आली असे समजावे. हा नियम १९७४ साली ज्युलियस शिस्किन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या लेखामुळे लोकप्रिय झाला. नियम सोयीचा आहे, पण पक्का नाही. अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची समिती मंदीच्या तारखा ठरवते. ती उत्पादनाबरोबर रोजगार, लोकांचे उत्पन्न आणि विक्री हेही पाहते. घट किती खोल आहे, ती सर्व क्षेत्रांत पसरली आहे का, आणि ती काही महिने टिकली का, या तीन प्रश्नांवर निर्णय होतो.

इथे व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली होती, पण या समितीने तसे जाहीर केले १ डिसेंबर २००८ रोजी. म्हणजे शिक्का पडायला पूर्ण वर्ष लागले. आपल्याकडेही तिमाहीचे आकडे तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी येतात. पेढीवर बसलेला माणूस इतका थांबू शकत नाही. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बाजार वाचावा लागतो.

महामंदीची तर अशी कोणतीही सर्वमान्य व्याख्याच नाही. काही जण म्हणतात की उत्पादन दहा टक्क्यांहून जास्त घटले किंवा घसरण तीन वर्षांहून जास्त टिकली तर तिला महामंदी म्हणावे. एक जुना विनोदही आहे : शेजाऱ्याची नोकरी गेली की मंदी आणि आपली गेली की महामंदी. या विनोदात थोडे सत्य आहे, पण त्यावर हिशोब लिहिता येत नाही.

या शब्दाची भीती मात्र मोठी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचे सल्लागार अल्फ्रेड कान यांनी १९७८ साली महामंदीचा धोका जाहीरपणे बोलून दाखवला. वरून समज मिळाली की हा शब्द वापरू नका. तेव्हा त्यांनी महामंदीऐवजी 'केळे' म्हणायला सुरुवात केली. केळ्याच्या एका कंपनीने तक्रार केली म्हणून पुढे त्यांनी दुसऱ्याच एका फळाचे नाव घेतले. शब्द बदलल्याने बाजार सुधारत नाही, पण सरकारे शब्दांना किती घाबरतात हे यातून दिसते.

१९२९ ते १९३३ : अमेरिकेत काय घडले

महामंदी म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर १९२९ कडे गेले पाहिजे. बहुतेकांना इतकेच माहीत असते की त्या वर्षी ऑक्टोबरच्या २४ आणि २९ तारखेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. शंभर रुपयांचे अकरा रुपये झाले. जुन्या पातळीवर परत यायला त्याला १९५४ साल उजाडावे लागले.

पण शेअर बाजार पडणे म्हणजे महामंदी नव्हे. शेअर बाजार अनेक वेळा पडला आहे आणि प्रत्येक वेळी महामंदी आलेली नाही. खरे नुकसान पुढच्या साडेतीन वर्षांत झाले. ऑगस्ट १९२९ पासून मार्च १९३३ पर्यंत, ४३ महिने, अमेरिकेची अर्थव्यवस्था खाली जात राहिली. देशाचे एकूण उत्पादन एक चतुर्थांशाहून अधिक घटले. कारखान्यांचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. १९३३ साली दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. घाऊक भाव सुमारे एक तृतीयांशाने उतरले. अमेरिकन शेतकऱ्याला कापसाचे १९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट मिळत होते, ते १९३१ साली ६ सेंटच्या आसपास आले. १९३३ साली तर भाव वर आणण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना मोबदला देऊन उभ्या कापसावर नांगर फिरवायला लावला. सुमारे एक कोटी एकरांवरचे पीक असे मोडले गेले, आणि त्याच वेळी त्या देशात लोकांच्या अंगावर धड कपडे नव्हते.

सर्वांत मोठा घाव बँकांवर पडला. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. त्या वेळी ठेवींचा देशव्यापी विमा नव्हता. एक बँक बुडाली की दुसऱ्या गावातले लोक आपल्या बँकेसमोर रांग लावत आणि चांगली बँकही त्या रांगेमुळे बुडे. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पदावर येताच देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि तपासून उघडल्या.

यात सरकारांच्या चुकांचीही भर पडली. जून १९३० मध्ये अमेरिकेने आयात मालावरची जकात मोठ्या प्रमाणात वाढवली. इतर देशांनीही तसेच केले. प्रत्येकाला वाटले की आपला माल वाचेल. झाले असे की कोणाचाच माल बाहेर जाईना. १९२९ ते १९३३ या काळात जगाच्या व्यापाराची पैशातली किंमत सुमारे एक तृतीयांशावर आली. जर्मनीत १९३२ साली सुमारे साठ लाख लोक बेकार होते आणि जानेवारी १९३३ मध्ये तिथे हिटलर सत्तेवर आला. रिकाम्या पोटाची माणसे कोणाच्या मागे जातात, हे जगाने मग पाहिले.

कर्जाचे चाक

आता मुख्य मुद्दा. मंदी काही काळाने आपोआप किंवा थोड्या मदतीने थांबते. महामंदी का थांबत नाही? याचे उत्तर आर्यव्हिंग फिशर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९३३ साली दिले. या माणसाने १९२९ च्या कोसळण्याच्या काही दिवस आधी शेअरचे भाव आता कायम उंचावर राहतील असे जाहीर सांगितले होते आणि मग स्वतःची दौलत त्यातच गमावली होती. ठेच लागल्यावर त्याने जे शोधले ते कापड व्यापाऱ्याला लगेच समजेल असे आहे.

समजा एका मागवाल्याच्या डोक्यावर दहा लाखांचे कर्ज आहे आणि कापडाचा भाव मीटरला पन्नास रुपये आहे. म्हणजे त्याचे कर्ज वीस हजार मीटर कापडाइतके झाले. आता भाव तीस टक्क्यांनी उतरून पस्तीस रुपये झाला. कागदावर कर्ज दहा लाखच आहे, पण कापडात मोजले तर ते साडेअठ्ठावीस हजार मीटर झाले. त्याने एक रुपयाही नवा घेतलेला नाही, तरी त्याचे कर्ज वाढले. कर्ज फेडण्यासाठी तो घाईने माल विकतो. शेजारचाही विकतो. सगळेच विकतात म्हणून भाव आणखी उतरतो. भाव उतरला म्हणून कर्ज आणखी जड होते. काही जण बुडतात, त्यांना पैसे देणारी बँक किंवा पेढी अडचणीत येते, ती चांगल्या पार्टीचेही पैसे परत मागते, आणि तो चांगला माणूसही माल विकायला निघतो.

हेच ते चाक. मंदीत धंदा उतरतो. महामंदीत धंदा, भाव, कर्ज आणि बँका एकमेकांना खाली ओढतात. प्रत्येक माणूस आपल्या परीने शहाणपणाचेच वागत असतो, खर्च कमी करतो, माल विकून कर्ज फेडतो, कामगार कमी करतो. पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. सर्वांनी एकदम हात आखडले की सर्वांचीच कमाई आटते. जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३६ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की अशा वेळी अर्थव्यवस्था खालच्या पातळीवरच अडकून राहू शकते, म्हणून सरकारने खर्च करून मागणी उभी केली पाहिजे.

तात्पर्य, फरक केवळ किती टक्के घसरण झाली याचा नाही. घसरणच पुढच्या घसरणीला जन्म देते का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या कापसाचे काय झाले?

ही सगळी दूरची गोष्ट आहे असे समजू नये. १९२९ नंतर हिंदुस्थानातही शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. कापूस त्यात होता, धान्य होते, ताग होता. पण सरकारचा शेतसारा रोख रकमेत ठरलेला होता, तो कमी झाला नाही. सावकाराचे कर्जही रकमेत होते, तेही कमी झाले नाही. वर सांगितलेले चाक आपल्या शेतकऱ्याच्या अंगावरून असे गेले.

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याशी असलेले नाते तोडले. पौंडाशी बांधलेला रुपयाही त्याबरोबर उतरला आणि सोन्याचा रुपयातला भाव चढला. तेव्हा खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे दागिने बाजारात आले. पिढ्यान् पिढ्या सोने आयात करणारा हा देश सोने बाहेर पाठवू लागला. मुंबई बंदरातून सोन्याच्या पेट्या जहाजांवर चढल्या. त्याला 'संकटातले सोने' असेच नाव पडले. सरकारी दप्तरात ती निर्यात म्हणून चांगली दिसली. ज्या घरातून ते सोने गेले त्या घराला विचारले असते तर उत्तर वेगळे मिळाले असते.

गिरण्यांचे चित्र मात्र मिश्र होते आणि ते आपण समजून घेतले पाहिजे. स्वस्त जपानी कापड येऊ लागले तेव्हा सरकारने बिगर ब्रिटिश कापडावरची जकात पायरीपायरीने वाढवत १९३३ साली ७५ टक्क्यांवर नेली. जपानने चिडून आपला कापूस घेणे बंद केले. शेवटी १९३४ साली करार झाला आणि जपानने किती कापूस घ्यायचा यावर त्याचे किती कापड येऊ द्यायचे हे ठरले. गिरणीवाला वाचवताना कापूस पिकवणारा कसा अडचणीत येतो, त्याचा हा धडा. एकंदरीत त्या दशकात देशातील गिरणी धंदा वाढला, अहमदाबाद आणि इतर केंद्रे पुढे गेली. मुंबईत मात्र अनेक गिरण्या बंद पडल्या, मजुरी कापली गेली आणि एप्रिल १९३४ मध्ये कामगारांचा मोठा संप झाला. म्हणजे महामंदीतही सगळे सारखे बुडत नाहीत. कोण बुडतो आणि कोण तरतो, हे कर्ज कोणावर आहे आणि संरक्षण कोणाला आहे यावर ठरते.

२००८ आणि २०२० : खोल घसरण, पण महामंदी नाही

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी संस्था दिवाळखोरीत गेली. तेव्हा जगभर १९२९ ची आठवण निघाली. अमेरिकेचे उत्पादन सुमारे चार टक्क्यांनी घटले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर गेली. मंदी १८ महिन्यांची होती, पण महामंदी झाली नाही. कारण १९३३ नंतर ठेवींचा विमा आला होता, बेकारांना भत्ता मिळत होता आणि मध्यवर्ती बँकेने बँकांना पैसा पुरवला. चाकाला मध्ये खुंटी घातली गेली. भारताची वाढ त्या वर्षी मंदावली, निर्यातीच्या कपड्यांच्या ऑर्डरी घटल्या, पण देशाचे वार्षिक उत्पादन उणे झाले नाही.

ग्रीसमध्ये मात्र ही खुंटी घालता आली नाही. स्वतःचे चलन नाही, सरकारवर प्रचंड कर्ज आणि वरून काटकसरीची सक्ती. २००८ ते २०१३ या काळात त्या देशाचे उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि २०१३ साली बेकारी २७ टक्क्यांवर गेली. याला महामंदी म्हणण्यात काही चूक नाही.

आता आपले २०२० पाहा. टाळेबंदीत माग बंद, दुकाने बंद, मजूर पायी गावाकडे निघालेले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन पहिल्या अंदाजाप्रमाणे २३.९ टक्क्यांनी घटले. पुढच्या तिमाहीतही घट होती, म्हणजे दोन तिमाह्यांच्या नियमाने भारत मंदीत आला. १९७९-८० नंतर प्रथमच पूर्ण वर्षाचे उत्पादन उणे झाले. घसरण इतकी खोल, तरी अर्थशास्त्री तिला महामंदी म्हणत नाहीत. कारण बाजार मागणी संपल्याने बंद झाले नव्हते, रोगामुळे बंद केले गेले होते. दारे उघडल्यावर चाक पुन्हा पुढे फिरू लागले. अमेरिकेतही ती मंदी फक्त दोन महिन्यांची ठरली, आजवरची सर्वांत छोटी.

पण टक्केवारीचा एक खेळ व्यापाऱ्याने ओळखावा. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ झाली असे जाहीर झाले आणि अनेकांना वाटले की सगळे भरून निघाले. हिशोब करा. शंभराचे शहात्तर झाले. शहात्तरवर वीस टक्के वाढले तर एक्याण्णव होतात, शंभर नाही. वाढीचा आकडा मोठा दिसला म्हणून जुनी जागा परत मिळालेली नसते. तेजीची बातमी वाचून माल भरणाऱ्याने हे नीट पाहावे.

देशात मंदी नाही, पण वस्तीत महामंदी

आकड्यांचा आणखी एक दोष आहे. देशाचा आकडा सरासरीचा असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था वाढतच होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिथे मंदीची नोंद नाही. पण लालबाग-परळच्या चाळींत जे झाले त्याला महामंदीशिवाय दुसरे नाव नाही. भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, माणसे गावाला परतली आणि अनेक गिरण्या पुन्हा कधी पूर्ण चालल्याच नाहीत. त्याच काळात भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांना काम वाढले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाची महामंदी ती दुसऱ्याची तेजी झाली.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हाही असेच झाले. यंत्रमागाचा धंदा रोखीवर चालतो. कामगाराचा पगार रोख, सुटे भाग रोख. अनेक ठिकाणी माग थांबले आणि परप्रांतीय कामगार गावी गेले. देशाचा आकडा मात्र शून्याखाली गेला नाही. लहान, नोंद नसलेल्या धंद्यांचा अंदाज बहुधा मोठ्या, नोंद असलेल्या धंद्यांवरून बांधला जातो. त्यामुळे लहान माणसाची घसरण आकड्यांत उशिरा किंवा कमी दिसते. "सरकार म्हणते मंदी नाही, मग माझा धंदा का बसला?" या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे.

पेढीवर बसून कसे ओळखावे?

आकड्यांची वाट न पाहता व्यापाऱ्याने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

एक, गिऱ्हाईक खरेदी पुढे ढकलत आहे की त्याच्याकडे पैसाच नाही? "पुढच्या महिन्यात नेतो" म्हणणारा मंदीचे गिऱ्हाईक आहे. नोकरी गेलेला माणूस वेगळा.

दोन, भाव फक्त माझ्या मालाचा उतरला की सगळ्याच मालांचा? सूत, धान्य, घरभाडे, मजुरी असे सगळेच एकत्र आणि लागोपाठ उतरू लागले तर ते धोक्याचे मोठे लक्षण आहे. महागाईला आपण शिव्या देतो, पण सर्व भाव उतरणे कर्जदाराला त्याहून जास्त मारते.

तीन, उधारी लांबते आहे की बुडते आहे? साठ दिवसांचे नव्वद झाले तर मंदी. ज्या पार्ट्यांनी वीस वर्षांत कधी चेक परत जाऊ दिला नाही, त्यांचे चेक परत येऊ लागले तर सावध व्हावे.

चार, बँका आणि पतपेढ्या पैसे देत आहेत का? चांगल्या माणसालाही कर्ज मिळेना आणि ठेवीदार रांगा लावू लागले तर चाक फिरू लागले असे समजावे. आपल्याकडे ठेवींचा विमा १९६२ पासून आहे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. हा विमा बँकांना आहे, साध्या पतसंस्थांना नाही. आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पाच, किती काळ झाला? एक हंगाम गेला तर धीर धरावा. ईद, दिवाळी आणि लग्नसराई, तिन्ही हंगाम लागोपाठ दोन वर्षे कोरडे गेले तर धंद्याची पद्धतच बदलावी लागेल.

मग करावे काय?

साधी मंदी असेल तर घाबरून माल फेकू नये. उत्पादन एका पाळीने कमी करावे, पण जाणता कारागीर सोडू नये, कारण तेजीत माग मिळतो, कारागीर मिळत नाही. वसुलीकडे लक्ष द्यावे आणि चांगल्या पार्टीशी संबंध तोडू नयेत. रोकड असलेल्याने याच काळात दुरुस्ती करून घ्यावी.

मोठ्या संकटाची लक्षणे दिसली तर नियम उलटा होतो. तिथे माल धरणे नव्हे, कर्ज उतरवणे हा बचाव आहे. पहिला तोटा लहान असतो, तो सोसून मोकळे व्हावे. व्याजाने पैसे काढून भावाची वाट पाहणे हा महामंदीतला सर्वांत महागडा जुगार आहे. घर आणि धंदा यांचे कर्ज एकमेकांत गुंतवू नये.

शेवटी एक गोष्ट, जी १९३३ च्या इतिहासातून निघते. चाक थांबवायचे तर कोणीतरी ओढणे थांबवावे लागते. सरकारचे काम सरकारने करावे, पण बाजारालाही काही करता येते. समोरची पार्टी प्रामाणिक आहे आणि खरोखरच अडचणीत आहे, तर तिला मुदत देणे यात दयेबरोबर शहाणपणही आहे. तिला आज बुडवले तर तिचा माल उद्या निम्म्या भावात बाजारात येईल आणि तो आपल्याच गोदामातल्या मालाचा भाव पाडेल. मागवाल्याने कामगाराचा आठवड्याचा पगार आधी द्यावा, कारण तोच पगार संध्याकाळी किराणावाल्याकडे, कपडेवाल्याकडे आणि फिरून आपल्याकडे येतो.

पुढच्या वेळी कोणी पेढीवर येऊन म्हणाला, "शेठ, मंदी आहे," तर त्याला चहा पाजा आणि विचारा, "कोणती?" त्याच्या उत्तरावरून माल धरायचा की कर्ज उतरवायचे, हे तुमचे तुम्हाला कळेल.